खांबखेडची बुटकी साक्ष

मंडळी, चपला पायातच राहू द्या. हा देव नाही, खांब आहे. नमस्कार केलात तरी तो काही म्हणणार नाही, पण ज्या बाईने तो उभा ठेवला तिला तुमचा नमस्कार खपला नसता. इथे पिंपळाखाली या, सावलीत उभे राहा आणि आधी नुसतं बघा. मी वच्छला काळबांडे. तीस वर्षं या गावच्या अंगणवाडीत पोरांना गप्प बसवलं आहे, तेव्हा मधेमधे बोलाल तर तुम्हालाही बसवीन.

हे तळं चाळीस हात लांब, चाळीस हात रुंद आणि सात परस खोल आहे. परस म्हणजे माणसाची उंची, आठ विती, आमच्याकडे विहिरी त्याच मापाने सांगतात. चारही बाजू घडीव दगडाने बांधून काढल्या आहेत, त्यामुळे जमिनीच्या पोटात काय आहे ते भिंतीत दिसत नाही. ते दिसतं फक्त मधल्या खांबात. बैलगाडीएवढा जाड आहे तो, आणि तो कुणी बांधलेला नाही. त्याच्या भोवतालचं सगळं खणून काढलं आणि तेवढा राहू दिला. वरून खाली बघत या. आधी काळी माती. मग चुनखडीचे गोटे असलेली पिवळी. मग नदीतली रेती आणि गोटे. मग काळा कातळ, दोन परस जाड. त्याच्याखाली तो तांबडा पट्टा, भाजलेल्या विटेसारखा. त्याच्याखाली, पाण्याच्या जरा वर, पांढरा. आणि पाण्यात पुन्हा काळा कातळ.

खांबाच्या डोक्यावर तुराट्यांचं, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचं, छप्पर दिसतं ना? आणि आणखी एक गोष्ट, जी तुमच्यातला कुणीतरी आता विचारणारच आहे. खांबाचा माथा आपण उभे आहोत त्या काठापेक्षा खाली आहे. बरोबर तीन वीत खाली. असं का, तेच सांगते.

तळी-विहिरी खणणारे लोक खणताना मधे मातीचा एक खांब सोडतात. त्याला साक्ष म्हणतात. किती खोल खणलं याचा तो पुरावा असतो. काम संपलं, माप झालं, खणणाऱ्यांना कबूल केलेलं मिळालं, की मग ती साक्ष पाडायची. पाडायचा मान खणणाऱ्यांच्या मुख्याचा. दुसऱ्या कुणी तिला पहार लावायची नाही, अशी त्यांची रीत.

पूर्वी या गावावर गढीवाल्यांची सत्ता होती. गढी होती त्या टेकाडावर, आता तिथे बोरीबाभळी आहेत. सुभानराव नावाचा मालक होता, असं सांगतात. तीन वर्षं ओळीने पावसाने पाठ फिरवली, नदी आटली, गुरं मेली. तेव्हा सुभानरावाने तळं खणायचं ठरवलं. दक्षिणेकडून वडारांचा एक तांडा आला होता. त्यांचा मुख्य तिम्मा. सुभानरावाने सगळ्या गावासमोर तिम्माला शब्द दिला. तुम्ही खणा, गावाने माती वाहावी. पाणी लागलं की ते सगळ्यांचं, गावाचंही आणि तुमचंही. तळ्याच्या काठी तुम्हाला घरं बांधायला जागा. पायाखाली कायमची जमीन मिळणार म्हणून तांडा कामाला लागला.

माती निघाली, रेती निघाली, आणि मग कातळ लागला. कातळाला वर्ष गेलं. जाळ करून दगड तापवायचा, पाणी ओतून तडकवायचा, मग घण आणि पहार. त्या कातळात एक दिवस मोठी शिळा सुटली आणि तिम्मा तिच्याखाली गेला. तांडा म्हणाला, चला इथून. तिम्माची बायको यल्लवा म्हणाली, नाही. तिने नवऱ्याची पहार उचलली आणि ती मुख्य झाली. आणि एक गोष्ट तिने केली, म्हणे, जी कुणी करत नाही. मातीत साक्ष सगळेच सोडतात. कातळात कोण सोडतो? दुप्पट मेहनत. पण यल्लवाने कातळातही सोडली, थेट तळापर्यंत. तिला सुभानरावाच्या शब्दाचा भरवसा राहिला नव्हता.

सातव्या परसाला पाणी लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुभानराव काठावर आला आणि म्हणाला, पाणी गढीचं. गढीतून परवानगी मिळेल त्याने भरावं. वडारांनी तांडा उचलावा.

का, म्हणून कुणी विचारलं नाही. आमचे पूर्वज तिथेच उभे होते आणि गप्प होते. दोन वर्षं डोक्यावरून माती वाहिलेली माणसं, पण एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. सांगायला लाज वाटते, पण ते गाळून गोष्ट सांगितली तर ती गोष्ट खोटी होईल. सुभानरावाने आपणहूनच कारण सांगितलं. ही जमीन पृथ्वी झाली तेव्हापासून आमची. जमीन आमची, तर तिच्या पोटातलं पाणीही आमचं. आणि तो आपल्या माणसांना म्हणाला, पाडा तो खांब.

काठापासून खांबाच्या माथ्यापर्यंत एक फळी टाकलेली होती, मापासाठी. यल्लवाने पाण्याचं एक मडकं घेतलं, मापाची गाठींची दोरी घेतली, फळीवरून चालत माथ्यावर गेली आणि पायाने फळी खाली ढकलून दिली. आता खांब पाडायचा तर बाई पडणार. सात परस खाली दगड.

"पाडा," ती म्हणाली. "माहा नवरा याच खड्ड्यात गेला. मले कायचं भेव?"

वैशाख होता. आमचा वैशाख तुम्हाला माहीत नाही. दुपारी बारा वाजता या पिंपळाखालीसुद्धा जीव नकोसा होतो, आणि ती उघड्या खांबावर बसली. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. मडक्यातलं पाणी ती ओठ ओले करण्यापुरतं प्यायची, म्हणे. खाली सात परसांवर तिनेच काढलेलं पाणी दिसत होतं.

सुभानरावापुढे पेच पडला. बाईला मारलं तर पाप, आणि तेही गावाच्या डोळ्यांदेखत. सोडलं तर शब्द पाळावा लागणार. तेव्हा त्याने तिला खोटं पाडायचं ठरवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी गढीचा भाट बोलावला. केसो भाट. मालकांची वंशावळ त्याच्या पोथीत होती आणि पोथी त्याला पाठ होती. सगळं गाव काठावर बसवलं, मधोमध सुभानरावाचा पाट, आणि भाटाने वाचायला सुरुवात केली.

सुभानराव, त्यांचे वडील, त्यांचे आजोबा, असं मागे मागे. सातव्या पिढीला राणोजी. भाटाने इथे आवाज चढवला, कारण ही पोथीतली सगळ्यांत मोठी गोष्ट होती. राणोजींच्या काळी महापूर आला, अवघं गाव वाहून गेलं, आणि राणोजींनी ते पुन्हा वसवलं. सुभानरावाने मिशीवरून हात फिरवला. भाट पुढे गेला. चौदावी पिढी, पंधरावी, आणि शेवटी एकविसावे मूळपुरुष. त्यांच्या आधी कोणी नाही. पृथ्वी झाली ती त्यांच्यासाठीच, असं पोथीत लिहिलं होतं. लिहिणाराही गढीच्याच भाकरीवर होता, मग तो दुसरं काय लिहिणार?

वाचून झालं. तेव्हा खांबावरून यल्लवा बोलली. घसा सुकला होता, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"मालक, पृथ्वी कवा झाली ते पोथीले नका इचारू. तिलेच इचारा. भाटबुवा, एवढ्या पायऱ्या उतरता का?"

भाटाने मालकाकडे पाहिलं. मालकाला कसलीच भीती नव्हती, त्याने हसून मान हलवली. त्याची चूक झाली ती इथे. तो गढीत वाढलेला माणूस, त्याने उभ्या जन्मात पायाखालची जमीन कधी खणलेली बघितली नव्हती. त्याला वाटायचं, खाली माती असते आणि माती म्हणजे माती.

यल्लवाने दोरी खांबाच्या अंगावरून खाली सोडली. दर विती‌ला एक गाठ. भाट पोथी काखेत घेऊन कडेच्या पायऱ्या उतरू लागला.

"पहिल्या गाठीपाशी काय दिसते?"

भाटाने डोळे बारीक केले. काळ्या मातीत बोटभर जाडीचा रेतीचा थर होता, आणि त्यात खापरं आणि बांगड्यांचे तुकडे.

"पुराची रेती," भाट म्हणाला. "गाव वाहून गेल्याची खापरं."

"मंजे राणोजीचा पूर. सातवी पिढी. एक वीत. आता तुमीच सांगा, एकवीस पिढ्या कुठवर?"

काठावर बसलेल्या बायकाही बोटं मोजू लागल्या, असं सांगतात. सातला एक वीत, तर एकविसाला तीन. भाट तिसऱ्या गाठीपाशी थांबला. तीन विती. तिथे अजून काळीच माती होती. खाली त्रेपन्न गाठी उरल्या होत्या.

"इथं तुमचे मूळपुरुष उभे हायेत," यल्लवा म्हणाली. "आता खाली उतरा. आन् कोन होतं ते सांगत चला."

भाट एकेक पायरी उतरत गेला. दहाव्या गाठीला पिवळी माती लागली. तिने विचारलं, कोण होतं? भाट पुढची पायरी उतरला. विसाव्या गाठीला नदीतले गोटे लागले, आणि त्यांच्यात एक हत्तीचा दात, दगड झालेला, मनगटाएवढा. आमच्याकडे हत्ती कधी कुणी पाहिलेला नाही. तिने विचारलं, हा कोणाच्या पागेतला? भाटाने पोथी दुसऱ्या काखेत घेतली. मग कातळ आला. गाठींमागून गाठी, नुसता काळा कातळ.

"दगड व्हाले किती वेळ लागते ते मले ठाऊक नाही," यल्लवा म्हणाली. "माह्या बापालेही नव्हतं. पन त्याच्याखालची तांबडी माती पाहा. भट्टीतून काढल्यावानी हाय का नाही? हा कातळ पातळ होता, तापलेला होता, तिच्यावर वाहत आला. तिले भाजून काढली. कोन्या पिढीत झालं ते? हाय पोथीत?"

गाव उठून उभं राहिलं होतं. दोन वर्षं याच लोकांनी हा तांबडा मुरूम टोपल्यांनी वाहिला होता आणि एकालाही प्रश्न पडला नव्हता. यल्लवाला पडला होता, कारण तिचा नवरा त्याच्या वरच्या कातळात गेला होता आणि रोज खाली उतरताना ती तो थर बघत होती.

"अजून उतरा, भाटबुवा. पानी लागंल पायाले."

भाट घोटाभर पाण्यात उतरला आणि चालत खांबापाशी गेला. पांढरा पट्टा त्याच्या छातीपाशी आला. त्याने हात लावला. दगडात गोगलगायी होत्या. शेकडो, नखाएवढ्या, पिळाच्या शंखांत बसलेल्या, आणि सगळ्या दगड झालेल्या. तळ्यात असतात तशा. आपण आत्ता पाण्याच्या काठी बघतो तशाच.

"गोगलगायी हायेत," भाट खालून ओरडला.

"इथं आधीही तळं होतं," यल्लवा वरून म्हणाली. आता ती उभी राहिली होती. "तो कातळ वाहत आला त्याच्या आधी. हे तळं कोनं खनलं? आन् मालक, या गोगलगायींनी पानी प्याले तुमची परवानगी घेतली होती का?"

आधी एक बाई हसली, म्हणे. कोण ते माहीत नाही, पण आमच्या गावातल्या प्रत्येक घराला वाटतं की ती आमच्याच घरातली. मग सगळा काठ हसला. सुभानराव ओरडला, "भाट, वाच! पुढचं वाच!"

केसो भाट पायऱ्या चढून वर आला. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. त्याने पोथी सुभानरावाच्या पाटासमोर ठेवली आणि म्हणाला, "मालक, माह्या पोथीत एवढी पानं नाहीत."

माझ्या मते या गोष्टीतला दुसरा शूर माणूस हा. गढीचं अन्न खाऊन गढीच्या तोंडावर एवढं बोलायला छाती लागते. आणि तो नुसतं बोलून थांबला नाही. जवळच्या कुंपणाला तुराट्या रचलेल्या होत्या. त्यातली एक पेंढी त्याने उचलली, लांब वेळूच्या टोकाला बांधली आणि यल्लवाकडे सरकवली. तिच्या डोक्यावर सावली व्हावी म्हणून. ते पाहून दुसरा माणूस उठला, मग तिसरा. दुपारपर्यंत गावातल्या प्रत्येक घरातून एक पेंढी गेली होती, कुणी त्याच वेळूने पाण्याचा तांब्याही दिला होता, आणि काठावर एवढी माणसं जमली होती की सुभानरावाच्या माणसांना खांबाकडे जायला वाट उरली नाही. दोन वर्षं गप्प बसलेलं गाव तेव्हा जागं झालं. उशिरा झालं, पण झालं.

संध्याकाळी सुभानराव नरमला. पाणी सगळ्यांचं, तो म्हणाला. तांड्याला जागाही देतो. पण माझी एक अट आहे. खांबावर माझ्या घराण्याचं नाव कोरायचं. माझ्यामुळे हे तळं झालं हे जगाला कळलं पाहिजे.

गाव म्हणालं, एवढं काय, कोरू द्या. यल्लवाने मात्र विचार केला आणि म्हणाली, "कोरा. पन तुमच्या वाट्याच्या तीन विती‌तच. खालचं तुमचं नाही."

सुभानरावाला नाही म्हणता येईना. पोथी त्याचीच, माप त्याच्याच पिढ्यांचं. आणखी एक गोष्ट तिने मागितली. खाली पडलेली फळी मालकाने स्वतः उचलून आणावी आणि स्वतःच्या हाताने टाकावी. सुभानराव सात परस उतरला, फळी खांद्यावर घेऊन सात परस चढला आणि त्याने ती टाकली. मगच ती काठावर आली.

काही लोक सांगतात की ती खांबावरच गेली आणि तिची देवी झाली. मला ते बिलकूल पटत नाही. मेलेल्या बाईची देवी करणं सोपं असतं, जिवंत बाईचं ऐकावं लागतं. यल्लवा पुढे खूप वर्षं जगली. त्या कौलारू घरांची ओळ दिसते ना, तळ्याच्या पलीकडे, ती तिच्याच लोकांची.

सुभानरावाने दुसऱ्या दिवशी कारागीर लावले. वरच्या तीन विती काळ्या मातीवर हातभर उंचीची अक्षरं कोरली, त्यांत चुना भरला. लांबून झळकायची, म्हणे. त्या वर्षी पाऊस चांगला झाला. काळी माती ती, भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. दिवाळीपर्यंत एक अक्षर जागेवर राहिलं नाही. चुना खाली पाण्यात गेला, आणि त्याच्याबरोबर ती तीन वीत मातीही. तेव्हा गावाने उरलेल्या खांबावर छप्पर घातलं, तुराट्यांचंच. त्यानंतर आजवर खांबाची एक चिमूटही ढळलेली नाही.

नाव गेल्यावर गाव यल्लवाकडे आलं. म्हणालं, आता पाणी मिळालं, जागा मिळाली, शब्द पाळला गेला. तुमच्या रीतीप्रमाणे साक्ष पाडून टाका. ती म्हणाली, शब्द एकदा पाळायचा असता तर पाडली असती. हा रोज पाळायचा आहे. राहू द्या.

मागे एकदा कॉलेजचे एक सर विद्यार्थी घेऊन आले होते. त्यांनी सांगितलं, तो कातळ सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे, आणि ती खरोखरच तापलेली, वाहती आग होती. माझ्याकडे बघून म्हणाले, आजी, तुमच्या यल्लवाला हे कसं कळलं? मी म्हटलं, सर, कोटी तिला कळले नव्हते. सुभानरावाच्या आधीचं आहे एवढंच कळलं होतं, आणि तिला तेवढं पुरलं.

आजही अक्षय तृतीयेला गावातल्या प्रत्येक घरातून एक पेंढी तुराट्या येते. पहिली पेंढी पलीकडच्या कौलारू ओळीतली, दुसरी केसो भाटाच्या घरची, मग बाकीच्यांची. घरोघरची पेंढी एकसारखी, लहानमोठी चालत नाही. या तळ्यावर आजही कुणी कुणाला पाणी भरायला विचारत नाही, आणि कुणी अडवलं तर त्याला कुणी शिव्या देत नाही. फक्त खांबाकडे बोट करून विचारतात, कितवी वीत?

चार वर्षांपूर्वी एक मोठे साहेब आले. तळ्याचा गाळ काढायला मदत मिळवून दिली होती त्यांनी, ते खोटं कशाला बोलू. गाळ निघाला, आणि मग ते आपल्या नावाची संगमरवरी पाटी घेऊन आले. खांबावर लावायची म्हणाले. सरपंच घुटमळला, सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी साहेबांना इथेच आणून उभं केलं, तुम्ही उभे आहात तिथे. म्हटलं, साहेब, लावा की. खांबाच्या माथ्यापासून या काठापर्यंत तीन वीत जागा रिकामी आहे. नावांसाठीच ठेवली आहे. तेवढ्यात कुठेही लावा.

साहेबांनी त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग पाटी गाडीत घालून घेऊन गेले. ती जागा आजही रिकामीच आहे, हवं तर बघा.